सोयाबीनचा आकडा मंडळाचा, मुलींचा आकडा जिल्ह्याचा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, परभणी



परभणी जिल्ह्यातल्या 20 ते 24 वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी 48 टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधीच झालेले होते, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 मधल्या पाचव्या फेरीत दिसले. त्याच फेरीत महाराष्ट्राचा आकडा 21.9 होता आणि देशाचा 23.3. राज्यात सगळ्यांत वर आपला जिल्हा. बालविवाहाची बैठक असो, बातमी असो की भाषण, त्यानंतर हा 48 कुठेच चुकलेला नाही. आपल्या टेबलावरही तो अनेकदा येऊन गेला असेल.

मी पूर्णेची आहे. वडील रेल्वेत होते, वाढले रेल्वे क्वार्टर्समध्ये. संख्याशास्त्र शिकून मी आता लोकसंख्या-आरोग्याच्या संशोधनात सांख्यिकी प्रोग्रामर म्हणून काम करते. असे आकडे ज्या खोलीत तयार होतात तिथे माझा दिवस जातो, म्हणून या 48 बद्दल आपल्याला काही सांगावेसे वाटते. त्याच्या जोडीला एक मागणी आहे, ती आधीच सांगून टाकते. परभणीच्या जिल्हा आरोग्य कार्यालयात एक सांख्यिकी प्रोग्रामर नेमा. का, ते पुढे लिहिते.

आमचे काम काय असते, हे घरच्यांनाही नीट समजावून सांगावे लागते. सर्वेक्षणाला गेलेल्या मुली गावोगाव फिरून प्रश्न विचारतात आणि उत्तरे टॅबलेटवर नोंदवतात. ते सगळे आमच्याकडे येते तेव्हा त्यात माणूस दिसत नाही. एका बाईची एक ओळ, आणि त्या ओळीत शेकडो रकाने. जन्माचा महिना माहीत नसेल तर त्या जागी ‘माहीत नाही’चा ठरलेला सांकेतिक आकडा. तो प्रोग्राममध्ये वेळीच बाजूला काढला नाही तर तो वय म्हणून बेरजेत जाऊन बसतो. प्रत्येक ओळीला एक भार असतो, कारण निवडलेली प्रत्येक बाई सारख्याच संख्येच्या बायकांचे प्रतिनिधित्व करत नाही. तो भार लावायचा, कोणाला छेदात धरायचे आणि कोणाला नाही ते ठरवायचे, आणि मग टक्केवारी काढायची. चांगल्या ठिकाणी एकच आकडा दोघेजण स्वतंत्रपणे काढतात. दोघांनी एकमेकांचा प्रोग्राम पाहायचा नाही आणि शेवटी दोन्ही उत्तरे ताडून घ्यायची. ती जुळली नाहीत तर आकडा बाहेर जात नाही. हे काम बाहेरून कोरडे दिसते. मला ते तसे कधी वाटले नाही, कारण त्या ओळींत माझ्या शाळेतल्या मुली आहेत हे मला माहीत असते.

आता त्या 48 कडे येते. मोजणी 20 ते 24 वयाच्या स्त्रियांचीच का, असे अनेक जण विचारतात. आज सोळा वर्षांची असलेली मुलगी अविवाहित असली तरी पुढच्या महिन्यात तिचे लग्न होऊ शकते. तिला ‘बालविवाह नाही’ या रकान्यात घालता येत नाही, कारण तिची अठरा अजून पूर्ण व्हायची आहेत. म्हणून ज्यांची अठरा उलटून गेली त्यांनाच विचारायचे. हिशेब बरोबर आहे, पण त्याला एक किंमत मोजावी लागते. 2019 मध्ये 20 ते 24 वर्षांच्या असलेल्या स्त्रियांची अठरा साधारण 2012 ते 2017 या काळात पूर्ण झाली. म्हणजे 48 हा आकडा त्या काळातल्या आणि त्याआधीच्या लग्नांचा आहे. मराठवाड्याने ओळीने दुष्काळ पाहिले ती ही वर्षे. या वर्षी आपण जे काही कराल, ग्रामसेवकांना कामाला लावाल, अक्षय तृतीयेला मांडव थांबवाल, त्यातले काहीही या पद्धतीच्या आकड्यात पुढची काही वर्षे धड दिसणार नाही. चांगले काम करणाऱ्या अधिकाऱ्याची बदली होऊन जाईल आणि त्याचे श्रेय किंवा अपश्रेय तिसऱ्याच्याच नावावर पडेल.

दुसरी गोष्ट नमुन्याची. पाचव्या फेरीत देशभरातल्या 707 जिल्ह्यांत मिळून 7,24,115 स्त्रियांच्या मुलाखती झाल्या. म्हणजे सरासरीने जिल्ह्याला हजारभर. 15 ते 49 वयाच्या या हजारांत 20 ते 24 च्या असतात साधारण सहावा हिस्सा, म्हणजे दीडशे-पावणेदोनशे. एवढ्या नमुन्यावर 48 टक्के हा आकडा काढला तर तो साध्या गणितानेही सात-आठ टक्के खालीवर हलू शकतो. एकाच गावातली घरे एकमेकांसारखी असतात, त्यामुळे प्रत्यक्षात आणखी थोडा जास्त. खालच्या टोकाला जाऊन पाहिले तरी तो राज्याच्या सरासरीच्या कितीतरी वर राहतो, तेव्हा प्रश्न गंभीर आहे याबद्दल शंका घ्यायला जागा नाही. मात्र आपण पहिले आणि 43.7 वर असलेला बीड दुसरा, या क्रमवारीला काही अर्थ नाही. अशा यादीवरून जिल्ह्यांना दूषणे देणारे मथळे वाचले की मला वाईट वाटते, कारण ज्या मुलींसाठी हे मोजले त्यांच्या पदरात त्या मथळ्यातून काहीच पडत नाही.

आता हेच गणित तालुक्यावर आणून पाहू. जिल्ह्यात नऊ तालुके आहेत. त्या दीडशे-पावणेदोनशे स्त्रिया नऊ ठिकाणी वाटल्या तर पूर्णा तालुक्याच्या वाट्याला वीससुद्धा येत नाहीत. सर्वेक्षणाच्या अहवालांचा नियम असा आहे की 25 ते 49 नोंदींवर आधारलेला आकडा कंसात छापायचा आणि 25 पेक्षा कमी नोंदी असतील तर तो छापायचाच नाही, तिथे फक्त तारांकन द्यायचे. नियम योग्य आहे, मी स्वतः तो काटेकोरपणे पाळते. त्याचा परिणाम एवढाच की पूर्णा तालुक्यात किती मुलींची लग्ने अठराच्या आत होतात, या प्रश्नाचे देशातल्या सर्वांत मोठ्या आरोग्य सर्वेक्षणाकडचे उत्तर म्हणजे एक तारांकन. जिंतूरचे तेच, पालमचे तेच, सोनपेठचेही तेच.

आणि आपल्याच कार्यालयात दरवर्षी सोयाबीनचे काय होते ते पाहा. पीक कापणी प्रयोगासाठी शेत यदृच्छया निवडायचे, त्यात ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, कापायचा, मळायचा, वजन करायचे आणि मंडळाचे सरासरी उत्पन्न काढायचे. पीक विम्यासाठी महसूल मंडळ हा घटक धरला जातो. पैसेवारी तर गावागावाची निघते. एका मंडळात उतारा किती आला आणि शेजारच्या मंडळात किती, हे आपल्याला सांगता येते आणि ते चुकले तर शेतकरी मोर्चा घेऊन येतात. ते यायलाच हवेत. माझा प्रश्न इतकाच आहे: सोयाबीनचा आकडा मंडळापर्यंत उतरतो, मग मुलींच्या लग्नाच्या वयाचा आकडा जिल्ह्याच्या खाली का उतरत नाही?

या पीक कापणी प्रयोगांमागे आपल्याच एका माणसाचे डोके होते. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे 1940 च्या दशकात कृषी संशोधन परिषदेत होते. पिकाचा अंदाज कसा घ्यावा यावर त्यांचा आणि प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा मोठा वाद झाला. महालनोबिसांचा भर लहान तुकडे आणि वेगळी प्रशिक्षित माणसे यांवर होता. सुखात्मे म्हणत, तुकडा पुरेसा मोठा घ्या आणि काम महसूल-शेती खात्यातल्या नेहमीच्याच माणसांकडून करून घ्या, आखणी नीट असली की ती माणसे ते करतात. पुढे ते रोमला जागतिक अन्न व कृषी संघटनेत गेले आणि परत येऊन पुण्यात पोषणावर काम करत राहिले. मला त्यांच्या म्हणण्यातला तलाठ्यावरचा विश्वास फार मोलाचा वाटतो. गावात आधीच असलेला माणूस मोजू शकतो. त्याने मोजलेले नीट वाचणारा कोणीतरी वर असावा लागतो.

आरोग्यात आपल्याकडे गावात मोजणारी माणसे आहेत. आशा आहे, अंगणवाडी सेविका आहे, उपकेंद्रात एएनएम आहे. त्यांच्या वह्यांत मुलींच्या लग्नाचे वय लिहिलेलेही आहे. पात्र जोडप्यांची नोंद होते तिथे लग्नाच्या वेळचे वय विचारतात. जन्माची नोंद करताना भरायच्या अर्जातही सांख्यिकी माहितीच्या भागात दोन प्रश्न असतात: लग्नाच्या वेळी आईचे वय किती होते, आणि या बाळंतपणाच्या वेळी किती. दोन वेगवेगळ्या खात्यांचे दोन वेगवेगळे कागद तोच प्रश्न विचारतात. नमुन्याचा प्रश्नच येत नाही, कारण ही सगळ्यांचीच नोंद आहे. शिवाय पहिलटकरणींच्या नोंदी वेगळ्या काढल्या तर त्या बहुतांशी गेल्या दोन-तीन वर्षांतल्या लग्नांबद्दल बोलतात, दुष्काळाच्या वर्षांतल्या लग्नांबद्दल नाही. आपल्या कारकिर्दीत केलेल्या कामाचा परिणाम आपल्या कारकिर्दीतच दिसू शकेल असा हा आकडा आहे, आणि तो रोज सरकारी पोर्टलवर भरून वर पाठवला जातो. खाली तो कोणी पाहत नाही.

पाहणे सोपे आहे असे मी म्हणत नाही. पूर्णा तालुक्यातल्या एका उपकेंद्रात मी नोंदवही चाळत बसले होते. लग्नाच्या वयाचा रकाना वरून खाली पाहत गेले तर 18, 18, 19, 18, 18, 20, 18. शेजारच्या रकान्यात मुलांची वये. मोठे मूल तीन वर्षांचे आणि आई एकोणीसची. मी एएनएम ताईंकडे पाहिले. त्या म्हणाल्या, “ताई, आधारवर जे हाय तेच लिहिते मी. पंधरा लिहिलं तर उद्या पोलीस येणार, आन् ती पोरगी दवाखान्यात यायचीच बंद होणार. मग तिचं बीपी कोण बघनार?” त्यांचे खोटे ठरवायला माझ्याकडे काहीही नव्हते. अल्पवयीन गरोदर मुलीची माहिती पोक्सो कायद्याखाली पोलिसांना देणे बंधनकारक आहे. कायद्याचा हेतू मुलीला वाचवण्याचा, आणि त्याच कायद्याच्या धाकाने ती वहीतून अठराची होऊन बाहेर पडते.

इथेच प्रोग्रामरचे काम सुरू होते. खऱ्या वयांचा आलेख चढत-उतरत जातो. सतराच्या जागी एकदम कोणी नाही आणि अठरावर भिंतीसारखी उंची, असे दिसले की तिथे वय लिहिले गेले आहे, विचारले गेलेले नाही. ही भिंत कोणत्या आरोग्य केंद्राच्या हद्दीत किती उंच आहे, ती जन्म नोंदणीत तेवढीच आहे की कमी, पहिल्या मुलाच्या वयावरून मागे मोजत गेले तर आईचे खरे वय किती निघते, हे सगळे तपासता येते. एकाही मुलीचे नाव उघड न करता येते. या तीन वाटांनी आलेली उत्तरे जिथे जुळतात तिथला आकडा धरायचा. जिथे जुळत नाहीत, तिथे माणूस पाठवायचा.

पहिले बाळंतपण माहेरी करायची आपली रीत या नोंदींना आणखी एक पेच घालते. मुलगी सासरी पालम तालुक्यात, तिची गरोदरपणाची पहिली नोंद तिथली. सातव्या महिन्यात ओटी भरून ती माहेरी पूर्णेला येते आणि इथल्या उपकेंद्रात तिची पुन्हा नोंद होते. तिथे नवऱ्याचे नाव, इथे वडिलांचे. तिथे आडनाव सासरचे, इथे माहेरचे. नाव कुठे संगीता तर कुठे संगिता, आणि पोर्टलवर रोमन लिपीत तिसरेच काही. यंत्राच्या लेखी या दोन बायका. ऊसतोडीला गेलेली असेल तर तिसरीच कुठे, कोल्हापूर नाहीतर बेळगाव जिल्ह्यातल्या दवाखान्यात, कारण मुकादम उचल देतो ती जोडप्याला, एका कोयत्याला, आणि गरोदर बाईलाही फडावर जावे लागते. याच कोयत्यापायी हंगामाच्या तोंडावर लग्ने उरकली जातात, हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. ही माणसे जुळवणे, एकीला दोनदा मोजू नये आणि दोघींना एक समजू नये याचे नियम लिहिणे, हे बारीक, डोळे दुखवणारे आणि अत्यंत गरजेचे काम आहे. मुंबईत किंवा पुण्यात बसलेल्या माणसाला माहेर-सासरची ही गुंतागुंत सांगावी लागते. परभणीत बसलेल्याला ती सांगावी लागणार नाही.

छेदाचाही प्रश्न आहे. परभणी जिल्ह्याची लोकसंख्या म्हणून आजही 18,36,086 हाच आकडा वापरावा लागतो, आणि तो 2011 च्या जनगणनेचा आहे. 2021 ची जनगणना झाली नाही. पुढची 1 मार्च 2027 या संदर्भ दिनांकाने होईल असे जाहीर झाले आहे. तोवर ‘किती टक्के गरोदर मातांची नोंद झाली’ असे कोणी विचारले की खालचा आकडा अंदाजाचाच असतो, आणि उत्तर शंभराच्या वर जाताना मी अनेकदा पाहिले आहे. बैठकीत त्यावर अभिनंदन होते. तिथे खरे तर कोणीतरी हात वर करून विचारायला हवे की शंभरावर गेले कसे.

लहान जागेचे नीट मोजता येते, हे महाराष्ट्राने जगाला दाखवलेले आहे. गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांनी आधी मोजले आणि मग उपचार ठरवले. राणीताईंनी दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली. त्यांतल्या 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले आणि ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याकडे बघण्याची जगाची नजर बदलली. दहा वर्षांनी, 1999 मध्ये, घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेऊन मृत्यू कसे कमी झाले तेही त्यांनी 39 गावांच्या काटेकोर नोंदींवरून दाखवले. आज देशभरातल्या आशा बाळंतिणीच्या घरी जातात त्यामागे ते काम आहे. पुणे जिल्ह्यात वढू परिसरात केईएम रुग्णालयाचे संशोधन केंद्र 2002 पासून गावागावातल्या जन्म, मृत्यू आणि स्थलांतराची सलग नोंद ठेवत आले आहे. शेजारच्या बीडमध्ये गर्भाशये काढल्याच्या बातम्यांनी 2019 मध्ये खळबळ उडाली तेव्हा ऊसतोड करणाऱ्या 82,309 स्त्रियांची पाहणी झाली आणि 13,861 जणींची शस्त्रक्रिया झाल्याचे समोर आले. तोवर हे एवढ्या मोठ्या प्रमाणावर कोणी मोजलेले नव्हते, आणि शस्त्रक्रिया तर वर्षानुवर्षे होत होत्या.

परभणीत हे काम करू शकणारी मुले-मुली आहेत. नांदेडच्या विद्यापीठातून, आपल्या जिल्ह्यातल्या महाविद्यालयांतून संख्याशास्त्र घेऊन दरवर्षी मुले बाहेर पडतात. ती पुण्याला जातात, सॅस हे सांख्यिकी सॉफ्टवेअर शिकतात आणि औषध कंपन्यांच्या चाचण्यांचे तक्ते बनवतात. चांगले काम आहे, पगार चांगला आहे, मी कोणाला नावे ठेवत नाही. पण यातल्या कोणालाही आजवर असे विचारले गेलेले नाही की तुझ्याच तालुक्यातल्या मुलींचा हिशेब तू करशील का. जिल्हा आरोग्य कार्यालयात सांख्यिकीची पदे आहेत, डेटा एन्ट्री करणारी माणसे आहेत, आणि ती मरमर राबतात. त्यांचा सगळा दिवस माहिती भरण्यात आणि वर पाठवण्यात जातो. त्या माहितीला प्रश्न विचारण्याचे काम त्यांच्याकडून अपेक्षितच नाही, त्यासाठी वेळ नाही आणि प्रशिक्षणही नाही.

म्हणून माझी विनंती. जिल्हा नियोजन समितीचे आपण सदस्य-सचिव आहात. नावीन्यपूर्ण योजनांसाठी समितीकडे राखून ठेवलेला निधी असतो. त्यातून एक सांख्यिकी प्रोग्रामर आणि त्याच्या हाताखाली एक शिकाऊ, असे दोघे द्या. दोघे यासाठी की एकाने काढलेला आकडा दुसऱ्याने तपासावा. सॉफ्टवेअरवर खर्च नको, ‘आर’ ही संख्याशास्त्राची संगणकभाषा मोफत आहे आणि या कामाला पुरून उरते. पहिल्या वर्षी एवढेच करावे: प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीतल्या पहिलटकरणी, त्यांचे लग्नाचे वय, आणि ते वय कितपत विश्वासाचे आहे याची खूण. त्याखाली आकडा कसा काढला याचा प्रोग्राम जसाच्या तसा लोकांसाठी खुला ठेवावा, म्हणजे माझ्यासारखी कोणी लांब बसूनही तो तपासू शकेल.

यासोबत एक अट मात्र आपण लेखी घालावी. ही माहिती गुन्हे दाखल करण्यासाठी वापरली जाणार नाही. बालविवाह प्रतिबंधक कायद्याने अक्षय तृतीयेसारख्या दिवशी सामूहिक बालविवाह रोखण्यासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांनाच प्रतिबंधक अधिकारी मानले आहे, ग्रामसेवकालाही गावात तो अधिकार आहे. होऊ घातलेले लग्न थांबवायला ती यंत्रणा आहे आणि ती चालू राहावी. आरोग्याच्या वहीला त्यात ओढले तर त्या एएनएम ताई आणखी पक्के 18 लिहितील आणि त्यांचे काही चुकणार नाही. नावे उपकेंद्राच्या बाहेर जाऊ नयेत, प्रोग्रामरकडे फक्त क्रमांक यावेत, आणि ज्या गावात आकडा इतका लहान आहे की मुलगी ओळखू येईल, तो आकडा छापू नये.

तक्त्याचा आराखडा, रकान्यांची यादी आणि माहेर-सासरच्या नोंदी जुळवण्याचे नियम मी लिहून ठेवले आहेत. नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीआधी आपल्या कार्यालयातून वेळ मिळाली तर मी परभणीला येऊन ते जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांसमोर मांडेन. सुरुवात पूर्णा तालुक्यापासून करू द्यावी, ही माझी वैयक्तिक विनंती समजावी.

कळावे,
पूर्णेची एक सांख्यिकी प्रोग्रामर